बारा पायऱ्या आणि एकही कारण नाही

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर काटेवाडी लागते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीला धोतरांच्या पायघड्या घालणारे आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण करणारे गाव म्हणून महाराष्ट्र काटेवाडीला ओळखतो. एका जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या आठवड्यात, आम्ही त्या परिसरातल्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांशी गप्पा मारायला गेलो होतो. गप्पा बाजूलाच राहिल्या, कारण आदल्या संध्याकाळी शाळेचा राऊटर 'गेला' होता.

बाहेरून आलेली इंटरनेटची एकच तार खोलीतल्या सगळ्या संगणकांना वाटून देणारी पेटी म्हणजे राऊटर. ही पेटी एका माजी विद्यार्थ्याने शाळेला दिलेली, जुनी पण चांगली चालणारी होती. संगणकाचे काम पाहणाऱ्या बाईंनी सुट्टीत तिच्यात नवे फर्मवेअर भरायला घेतले. पडद्यावर सूचना होती, 'काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका.' बाईंनी ती बंद केली नाही. वळवाच्या वादळाने केली. अर्ध्या तासाने वीज परत आली, तेव्हा पेटीवरचा विजेचा दिवा तेवढा लुकलुकू लागला. बाकी सगळे शांत.

अकरावीत गेलेल्या एका मुलाने मदतीसाठी दोन पानी छापील कागद आणून दिला होता. 'बंद पडलेला राऊटर १२ पायऱ्यांत जिवंत करा', असे त्याचे शीर्षक. बाई म्हणाल्या, "सर, कागदाप्रमाणे तीनदा केलं. तिन्ही वेळा बाराव्या पायरीवर आले." बारावी पायरी अशी होती : 'तरीही चालू न झाल्यास राऊटर निकामी झाला असे समजून नवीन घ्यावा.'

मासिकांतून पुस्तकांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात. सूचनापत्राचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक आपले विद्यार्थी शाळा सोडल्यावर विज्ञानाची पुस्तके किती वाचतील हे सांगता येत नाही, पण सूचनापत्रे जन्मभर वाचणार आहेत. म्हणून या लेखात आम्ही त्या दोन पानांचे, आणि त्याच जातीच्या इतर लेखनाचे, परीक्षण करायचे ठरवले आहे.

राऊटर 'मरतो' म्हणजे काय होते?

परीक्षणाआधी थोडी पूर्वतयारी हवी. राऊटर हा एक छोटा संगणकच असतो. त्यात प्रक्रियक असतो, काम करताना लागणारी तात्पुरती स्मृती असते आणि वीज गेली तरी न पुसली जाणारी फ्लॅश स्मृती असते. या फ्लॅशमध्ये कायमची बसवलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. हा शब्द १९६७ साली ॲशर ओप्लर यांनी 'डेटामेशन' या नियतकालिकातील लेखात प्रथम वापरला. हार्डवेअर म्हणजे न बदलणारे यंत्र आणि सॉफ्टवेअर म्हणजे सहज बदलणारी आज्ञावली. या दोन्हींच्या मधले ते फर्मवेअर.

फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. तिचा एक स्वभाव आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. तिच्यातला एकेक '१' स्वतंत्रपणे '०' करता येतो. परंतु '०' चा पुन्हा '१' करायचा तर तेवढा एकच अंक बदलत नाही, तो संपूर्ण ठोकळा पुसावा लागतो. राऊटरमध्ये असा ठोकळा बहुधा ६४ किलोबाइटचा असतो. पाटीवर कोऱ्या जागेत आणखी लिहिता येते, पण एक अक्षर दुरुस्त करण्यासाठी सगळी पाटीच पुसण्याची सक्ती असावी, तसे हे आहे. म्हणून नवे फर्मवेअर भरताना आधी जुने पुसले जाते आणि मग नवे लिहिले जाते. या दोन क्रियांच्या मध्ये वीज गेली तर जुने गेलेले असते आणि नवे आलेले नसते.

पण सगळीच पाटी पुसलेली नसते, ही गोष्ट महत्त्वाची. फ्लॅशच्या सुरुवातीला एक लहानसा भाग राखून ठेवलेला असतो. वीज आली की सर्वांत आधी तो जागा होतो, यंत्राची जुजबी तपासणी करतो आणि मुख्य फर्मवेअरला उठवतो. याला बूटलोडर म्हणतात. नेहमीच्या अद्ययावतीकरणात या भागाला बहुधा हात लावला जात नाही. मुख्य फर्मवेअर वाचता येत नाही असे दिसले, तर पुष्कळ राऊटरांतला बूटलोडर गप्प बसत नाही. तारेवरून नवी प्रत मिळते का, याची तो सोय करून ठेवतो. फर्मवेअर पुन्हा भरून राऊटर वाचवणे हा सगळा उद्योग या एका लहान, न बिघडलेल्या भागाच्या जोरावर चालतो.

आता कागदाकडे वळू. त्या दोन पानांत 'बूटलोडर' हा शब्द एकदाही आलेला नाही.

कागदाचे गुण आणि दोष

आधी गुण सांगतो. कागद मराठीत होता, साध्या भाषेत होता आणि लिहिणाऱ्याने ही कृती स्वतः करून पाहिलेली होती. तारा कुठल्या छिद्रात खोचायच्या याची आकृती चांगली होती. फुकट वाटलेल्या कागदात एवढी तळमळ दिसली की बरे वाटते.

दोष दुसऱ्या पायरीपासून सुरू होतात. 'आपल्या राऊटरचे फर्मवेअर उतरवून घ्या', असे तेथे म्हटले आहे. परंतु 'आपला राऊटर' ओळखायचा कसा? पेटीच्या पोटावरच्या चिठ्ठीवर नमुन्याचे नाव असते आणि बाजूला बारीक अक्षरात आवृत्ती असते. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतले यंत्र पूर्ण वेगळे असू शकते. लिंकसिसच्या प्रसिद्ध डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरच्या चौथ्या आवृत्तीत ४ मेगाबाइट फ्लॅश होती आणि पाचव्या आवृत्तीत ती २ मेगाबाइटवर आणली गेली. एकीची फाईल दुसरीत मावणारसुद्धा नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट कागदात एका ओळीत आटोपली होती.

पाचवी पायरी : 'संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.६६ असा ठेवा.' का, ते सांगितलेले नाही. खरे कारण मोठे मनोरंजक आहे. टीपी-लिंकच्या अनेक नमुन्यांत बूटलोडर स्वतःच हाक मारतो : या पत्त्यावर कोणी असेल तर मला अमुक नावाची फाईल द्या. म्हणून संगणकाने त्या पत्त्यावर फाईल घेऊन बसायचे. पण सगळे बूटलोडर असे मागणारे नसतात. काही ऐकणारे असतात. ते एका ठरावीक पत्त्यावर कान देऊन बसतात आणि संगणकाने फाईल त्यांच्याकडे ढकलायची असते. आणखी काही एक साधे पान दाखवतात. त्या पानावरून फाईल चढवायची.

शाळेतला राऊटर दुसऱ्या जातीचा होता, आणि कागद पहिल्या जातीसाठी लिहिलेला होता. परिणामी संगणक फाईल घेऊन हाकेची वाट पाहत होता आणि राऊटर कान देऊन फाईलची वाट पाहत होता. दोघेही शहाण्यासारखे गप्प. बाईंनी हा प्रयोग तीनदा केला, आणि खरे सांगायचे तर आम्ही गेल्यावर पहिला अर्धा तास आम्हीही तोच चौथ्यांदा केला. पायऱ्यांचा कागद हातात असला की विचार करण्याची गरज उरली नाही असे शिकलेल्या माणसालाही वाटू लागते. अशा कागदांवरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

सातवी पायरी म्हणते, 'वीज चालू करताच दोन सेकंदांत चपळाईने पाठवण्याचे बटण दाबा. जमले नाही तर पुन्हा पुन्हा करा.' यात हाताच्या चपळाईचा प्रश्न बहुधा नसतोच. राऊटर बंद असताना संगणकातले जाळ्याचे कार्ड झोपलेले असते. राऊटर उठला की कार्डाला त्याच्याशी जुळवून घ्यायला दोन-चार सेकंद लागतात, आणि बूटलोडर तेवढाच वेळ थांबणारा असेल तर कार्ड जागे होईपर्यंत संधी निघून जाते. दोघांच्या मध्ये नेटवर्कचा एखादा साधा स्विच लावला की कार्ड त्या स्विचशी जोडलेले, म्हणून सतत जागे राहते आणि अडचण संपते. कारण कळले की उपाय आपोआप सुचतो. कारण न कळल्यास बोटे दुखेपर्यंत तेच करत राहायचे.

दहावी पायरी : 'फाईल गेल्याचा संदेश आला की राऊटर बंद करून चालू करा.' हा सल्ला तर घातक आहे. फाईल गेली म्हणजे ती राऊटरच्या तात्पुरत्या स्मृतीत पोचली, एवढेच. ती फ्लॅशवर कोरण्याचे संथ काम त्यानंतर सुरू होते. त्याच वेळी वीज काढली तर वादळाने जे केले तेच आपण आपल्या हाताने करू.

आणि 'वीज बंद करू नका' या सूचनेबद्दल काय म्हणावे? ज्या घरात वीज जातच नाही अशा घरात बसून लिहिलेले ते वाक्य आहे. आपल्याकडे ते वाक्य उलटे लिहायला हवे : 'वीज जाणार आहे असे धरून चाला, राऊटर इन्व्हर्टरवर घ्या आणि मगच सुरुवात करा.' शाळेत इन्व्हर्टर होता. तो कार्यालयातल्या पंख्याला जोडलेला होता.

तीस-तीस-तीस

कारणाशिवाय कृती देण्याची परिणती कुठे होते, याचे एक जगभर गाजलेले उदाहरण आहे. राऊटरच्या हौशी मंडळींत 'तीस-तीस-तीस' नावाचा विधी वर्षानुवर्षे चालत आला. रीसेटचे बटण तीस सेकंद दाबून धरायचे. न सोडता वीज काढून आणखी तीस सेकंद धरायचे. मग वीज देऊन पुन्हा तीस सेकंद. एकूण दीड मिनिट.

याचा उगम निरर्थक नव्हता. विशिष्ट प्रकारच्या जुन्या राऊटरांत मांडणीच्या नोंदी ज्या कप्प्यात राहतात, तो कप्पा पूर्ण रिकामा करण्याचा तो खात्रीचा मार्ग मानला जाई. पण कारण मागे पडले आणि आकडा पुढे गेला. हा विधी सर्व राऊटरांना लागू केला जाऊ लागला. पुढे एआरएम प्रक्रियक असलेल्या राऊटरांवर हे करू नका, असे हा विधी लोकप्रिय करणाऱ्या डीडी-डब्ल्यूआरटीच्या मंडळींनाच बजावून सांगावे लागले.

यात आणखी एक गैरसमज दडलेला आहे, तो वर्गात आवर्जून सांगावा. रीसेटचे बटण फक्त नोंदी पुसते : पासवर्ड, जाळ्याचे नाव, पत्ते. ते फर्मवेअर बदलत नाही. फर्मवेअरच अर्धवट पुसले गेले असेल तर रीसेट कितीही वेळ दाबून उपयोग नाही. घराचे छप्पर उडाले असताना कुलूप बदलण्यासारखे ते आहे.

आधी विचारा, मग लिहा

सायकलचे पंक्चर काढणारा कारागीर ट्यूब हातात आली की लगेच ठिगळ लावत नाही. आधी हवा भरतो, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवतो आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहतो. कागदाच्या बारा पायऱ्यांत हे घमेले कुठेच नव्हते.

राऊटरसाठी असे घमेले आहे का? आहे, आणि ते फुकट आहे. कोणत्याही संगणकावर 'पिंग' नावाची आज्ञा असते. ती दिलेल्या पत्त्यावर एक लहानसा संदेश पाठवते आणि उत्तर येते का ते दाखवते. उत्तरासोबत टीटीएल नावाचा एक आकडा येतो. जाळ्यावर निघालेल्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा घातलेला असतो आणि वाटेतला प्रत्येक राऊटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्यावर आला की ते पाकीट टाकून दिले जाते, म्हणजे चुकलेली पाकिटे जाळ्यात कायमची भटकत राहत नाहीत. सुरुवातीचा आकडा कोणता घालायचा हे पाठवणारी आज्ञावली ठरवते. लिनक्स बहुधा ६४ घालते, विंडोज १२८. ब्रॉडकॉमचा प्रक्रियक असलेल्या बऱ्याच जुन्या राऊटरांतला सीएफई नावाचा बूटलोडर १०० घालतो.

याचा अर्थ लक्षात घ्या. राऊटर आणि संगणक एकाच तारेने थेट जोडलेले असताना ६४ आकडा आला तर आतले मुख्य फर्मवेअर बोलत आहे. १०० आला तर फर्मवेअर उठलेले नाही, पण बूटलोडर जिवंत आहे. काहीच आले नाही तर पत्ता चुकला आहे, तार खराब आहे, किंवा दुखणे आणखी खोल आहे.

चौथा प्रयत्न फसल्यावर आम्ही कागद बाजूला ठेवला. संगणकाला १९२.१६८.१ या मालिकेतला पत्ता दिला आणि १९२.१६८.१.१ ला पिंग केले. उत्तर आले : टीटीएल १००. पुन्हा १००, पुन्हा १००. कागदाच्या मते निकामी झालेली पेटी नियमितपणे उत्तर देत होती. लुकलुकणारा दिवाही तेच सांगत होता. कागदात त्याचा अर्थ दिलेला नव्हता इतकेच.

आधी विचारून मग लिहिण्याचे सर्वांत भव्य उदाहरण आकाशात आहे. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर १ या यानाकडून १४ नोव्हेंबर २०२३ पासून अर्थहीन माहिती येऊ लागली. यान तेव्हा सुमारे २४०० कोटी किलोमीटर दूर होते. संदेश पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. नासाच्या अभियंत्यांनी घाईने काही लिहिले नाही. १ मार्च २०२४ रोजी त्यांनी यानाला डिवचणारी एक आज्ञा पाठवली आणि उत्तरात यानावरच्या एका संगणकाच्या स्मृतीची प्रत मिळवली. ती जुन्या प्रतीशी ताडून पाहिली. स्मृतीचा सुमारे तीन टक्के भाग बिघडलेला आढळला. मग तेथली आज्ञावली तुकड्या-तुकड्यांनी दुसऱ्या जागी हलवण्यात आली. १८ एप्रिलला पहिला तुकडा पाठवला आणि २० एप्रिलला यान शुद्धीवर आल्याचे कळले. जे यान कोणालाही हाताने उघडता येणार नाही ते अशा रीतीने वाचले, आणि टेबलावरचा राऊटर आपण बाराव्या पायरीवर टाकून देतो.

दुसरी दोन प्रकारची लेखने

कागदाला तुलनेसाठी दोन शेजारी हवेत. पहिला शेजारी म्हणजे पेटीसोबत येणारे माहितीपत्रक. त्याची छपाई उत्तम असते, भाषा अनेक असतात, आणि यंत्र उठले नाही तर काय करावे या प्रश्नावर उत्तर बहुधा एकच : सेवा केंद्राशी संपर्क साधा. बूटलोडरची सोय कंपनीनेच करून ठेवलेली असते, पण ती ग्राहकाला सांगण्याची रीत नाही. यात ग्राहकाच्या सुरक्षिततेचा विचार थोडा असेल. पण विहीर खणून तिच्यावर पाटी लावायला विसरावे, असा हा प्रकार आहे.

दुसरा शेजारी ओपनडब्ल्यूआरटी या प्रकल्पाचे दस्तऐवज. याचा जन्मच उघडेपणातून झाला. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरमध्ये लिनक्स वापरलेले आहे हे २००३ साली उघड झाले. लिनक्सच्या परवान्यानुसार आज्ञावली खुली करणे भाग होते, ती कंपनीने त्याच वर्षी केली, आणि तिच्या आधाराने २००४ च्या जानेवारीत ओपनडब्ल्यूआरटी सुरू झाला. हे लेखन आम्हांला फार आवडते. फ्लॅशचे भाग कसे पाडलेले असतात, मूळ प्रत न बदलता येणाऱ्या भागात आणि आपले बदल वेगळ्या भागात का ठेवतात, 'फेलसेफ' अवस्थेत त्या बदलांकडे दुर्लक्ष करून यंत्र कसे उठवतात, हे सगळे कारणांसह तेथे मिळते. पण त्याचेही दोष आहेत. ते इंग्रजीत आहे. वाचकाला लिनक्स येते असे ते गृहीत धरते. आणि राऊटर बंद असतानाही वाचकाकडे इंटरनेट असणार असेही ते धरून चालते. काटेवाडीच्या बाईंना त्यातले पहिले पान ओलांडणे अवघड गेले असते.

म्हणजे एकीकडे कारणे आहेत पण भाषा नाही, दुसरीकडे भाषा आहे पण कारणे नाहीत. मधली जागा रिकामी आहे. ती भरणे हे विज्ञान शिक्षकाचे काम आहे, असे आम्हांला वाटते.

'निकामी' कोणाला म्हणायचे?

बारावी पायरी आम्हांला सर्वांत जास्त खटकली. तिच्यात यंत्राबद्दल निकाल दिला आहे आणि पुरावा काहीच नाही. प्रश्न एका पेटीच्या किमतीपुरता नाही.

२०१७ साली ब्रिकरबॉट नावाची एक घातकी आज्ञावली जगभर फिरत होती. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेली उपकरणे शोधून त्यांच्या स्मृतीत कचरा लिहायचा, हे तिचे काम. त्या वर्षीच्या जुलैच्या अखेरीस बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांकडचे हजारो मोडेम बंद पडले. पासवर्ड बदला, असे तेव्हा ग्राहकांना सांगावे लागले. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणाच्या पहाटेच, व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह-सेवेचे हजारो मोडेम युरोपभर एकाच वेळी मुके झाले. त्यांच्या फ्लॅशमधली महत्त्वाची माहिती खोडली गेली होती. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांवर दुरून लक्ष ठेवण्याची सोयही त्यामुळे तुटली. व्हायासॅटने तपासानंतर जाहीर केले की ते मोडेम कायमचे निकामी झालेले नाहीत. तरीही सेवा लवकर सुरू व्हावी म्हणून कंपनीला सुमारे ३०,००० मोडेम पाठवावे लागले.

यंत्र धड असते, फक्त आतला मजकूर गेलेला असतो. आणि तो मजकूर परत भरणारा माणूस जवळ नसतो. म्हणून यंत्र भंगारात जाते. शिसे आणि इतर घातक द्रव्ये असलेली मंडळे कचऱ्यात पडतात. शाळेची संगणक-खोली महिनाभर बंद राहते. आणि मुलांच्या मनावर ठसते की यंत्राच्या आत काय आहे हे आपण विचारायचे नसते. या शेवटच्या नुकसानीची नोंद कोणत्याही जड-वस्तू नोंदवहीत होत नाही.

अर्थात प्रत्येक राऊटर वाचतोच असे नाही. एकही दिवा लागत नसेल तर फर्मवेअरला दोष देण्याआधी अडॅप्टर बदलून पाहावा; त्यातले संधारित्र सुकले की दाब घसरतो आणि राऊटर उठता उठता पुन्हा बसतो. विजेच्या कडाडण्याने मंडळच जळले असेल तर आज्ञावली काही करू शकत नाही. बूटलोडरच पुसला गेला असेल तर पेटी उघडून खास साधने लावावी लागतात. ते जाणत्या माणसाचे काम. आणि भिंतीत खोचायचा अडॅप्टर विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये, त्यात २३० व्होल्ट असतात. 'निकामी' म्हणायला आमची हरकत नाही. पण ते तपासणीनंतर म्हणावे.

कागद पुन्हा लिहू या

चांगले सूचनापत्र कसे असावे? आमच्या मते प्रत्येक पायरीला तीन रकाने हवेत : काय करायचे, का करायचे, आणि बरोबर झाले तर काय दिसेल. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा, कारण चूक कुठे झाली ते तोच दाखवतो. सुरुवात पाच प्रश्नांनी व्हावी. वीज पोचते आहे का? कोणते दिवे, कसे लागतात? पिंगला उत्तर येते का, आणि कोणत्या आकड्याचे? चिठ्ठीवरची आवृत्ती कोणती? या नमुन्याचा बूटलोडर मागणारा आहे, ऐकणारा आहे की पान दाखवणारा? या पाचांची उत्तरे वहीत लिहिल्याशिवाय फ्लॅशला हात लावायचा नाही.

वर्गासाठी एक खेळही यातून मिळतो. फाईल पाठवण्याची टीएफटीपी ही पद्धत एमआयटीतील कॅरन सोलिन्स यांनी १९८१ साली शब्दबद्ध केली. ती मुद्दाम साधी ठेवलेली आहे, म्हणून लहानशा बूटलोडरमध्येही मावते. फाईलचे ५१२ बाइटचे तुकडे करायचे. एक तुकडा पाठवायचा. 'पोचला' असे उत्तर आले की पुढचा. दोन विद्यार्थ्यांना वर्गाच्या दोन टोकांना बसवा आणि एका परिच्छेदाच्या चिठ्ठ्या करून याच नियमाने पाठवायला लावा. मध्येच एक चिठ्ठी गुपचूप काढून घ्या. पोच आली नाही हे पाहून पाठवणारा काय करतो ते वर्गाला पाहू द्या. मग विचारा : ३ मेगाबाइटच्या फाईलचे किती तुकडे होतील? ३१,४५,७२८ भागिले ५१२, म्हणजे बरोबर ६,१४४. आता कोडे : फाईल संपली हे घेणाऱ्याला कसे कळते? ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की संपली, असा नियम आहे. मग इथे तर सगळे तुकडे पूर्ण भरलेले! उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. शेवटी एक रिकामा, शून्य बाइटचा तुकडा पाठवतात. म्हणून प्रत्यक्षात तुकडे ६,१४५.

शाळेत त्या दिवशी पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बाईंनी पंख्याची जोडणी काढून राऊटर इन्व्हर्टरवर घेतला. चिठ्ठीवरची आवृत्ती मुलाने भिंग लावून वाचली आणि त्याच आवृत्तीची फाईल मोबाईलवरून उतरवली. फाईल ढकलली, काही सेकंदांत गेली. मुलाचा हात सवयीने बटणाकडे गेला, तेव्हा बाईंनीच तो धरला आणि म्हणाल्या, "थांब रे, आत्ता कुठं लिहायला लागलाय तो." घड्याळ लावून आम्ही पाच मिनिटे बसलो. पिंगच्या खिडकीत आधी नुसतीच 'उत्तर नाही' अशी ओळ येत राहिली, आणि मग आकडा आला : ६४.

जुना कागद बाईंनी फाडला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन रकाने आखले आणि बाराव्या पायरीच्या जागी लिहिले, 'पहिल्या प्रश्नाकडे परत जा.'